रिकामी चिमूट

मीठआजोबांच्या दारातून काहीही न खाता परत गेलेला प्राणी आमच्या नागावात अजून जन्माला यायचा आहे. प्राणी हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण त्यात विजेचं मीटर बघायला येणारा माणूस येतो, कुरियरवाला येतो, समुद्राची वाट चुकून त्यांच्या अंगणात गाडी घालणारे पर्यटक येतात, आणि आमच्याकडच्या दुधाला नाक मुरडून त्यांच्याकडची भाकरी खाणारं आमचंच मांजरही येतं. इरा, तू त्यांना हे नाव दिलंस तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होतीस, आणि नील, तू तर तेव्हा नव्हतासच. म्हणून तुम्हा दोघांसाठी सगळं पहिल्यापासून क्रमाने लिहून ठेवते आहे. फोनवर सांगायला घेतलं की नेमकी तुमच्याकडे शाळेची वेळ होते.

मीठआजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे शाळासोबती आणि आमच्या नारळाच्या वाडीला लागून असलेल्या घराचे मालक. आयुष्याची तीसेक वर्षं त्यांनी मालवाहू जहाजावर स्वयंपाकी म्हणून काढली. लग्न केलं नाही, कारण विचारलं तर म्हणतात, "तेवढी सुट्टी कधी मिळालीच न्हाय." नोकरी संपवून ते कायमचे घरी आले, पण जहाजावरून काही उतरले नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीभोवती लोखंडी कठडा आहे, भांडी घसरू नयेत म्हणून. फळीवरच्या डब्यांना आडवी दोरी बांधलेली आहे. घर शंभर वर्षांत तसूभर हललेलं नाही, हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं. "आजवर न्हाय हललं, वैनी," ते शांतपणे म्हणाले, "उद्याचं कोन सांगतो?" चहाचा कप ते अर्धाच भरतात, वर हिंदकळायला जागा ठेवून, आणि मग पाहुण्याला दोनदा देतात. स्वतः मात्र भिंतीला पाठ टेकून, पाय फाकून, उभ्याने जेवतात. आणि स्वयंपाक करतात तो सव्वीस माणसांचा, कारण शेवटच्या जहाजावर माणसं सव्वीस होती. रोज दुपारी साडेबाराला त्यांच्या पडवीतली पितळी घंटा वाजते आणि आळीतली मंडळी डबे घेऊन निघतात. तुम्हाला माहीत आहे, मला प्रमाणाबाहेर काही आवडत नाही. एका दिवाळीला मी त्यांना मापाचे कप भेट दिले. त्यांनी ते फार आदराने घेतले, आणि पुढच्या आठवड्यात त्या चारही कपांत मिरचीची रोपं डोलत होती.

आता तुझं सांगते, इरा. तुझे बाबा नोकरीसाठी आधीच परदेशात गेले होते आणि तुझ्या आईची डॉक्टरकीची शेवटची परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. तिने तुला माझ्याकडे आणून सोडलं, तुझे कपडे, तुझी औषधं आणि तू काय काय खातेस याची यादी माझ्या हातात दिली, आणि मागे वळून न बघता गेली. वळली असती तर गेली नसती. यादी भली मोठी होती. तू त्यातलं काहीही खात नव्हतीस.

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आहे, त्यामुळे मला वाटलं, वेळापत्रक नीट आखलं की मूल जेवतं. मी वही केली. ती अजून माझ्याकडे आहे. "सकाळी आठ वाजून दहा मिनिटं: नाचणीची खीर, अडीच चमचे, त्यांपैकी दोन फ्रॉकवर. दुपारी बारा: वरणभात, तीन घास; तिन्ही गालात साठवून पाऊण तासाने तुळशीपाशी बाहेर." चिऊचा घास झाला, काऊचा झाला, आजोबांनी वाडीतल्या प्रत्येक माडाच्या नावाने एकेक घास म्हणून बघितला, तू प्रत्येक माडाला टाटा केलास आणि तोंड मिटून घेतलंस. तुला तेव्हा शब्द थोडेच येत होते, पण 'नाही' हा शब्द तू असा उच्चारायचीस की वकिलाने ऐकत राहावं. बाकी तू काही खात नव्हतीस असं म्हणणं खोटं ठरेल. तू कुंडीतली माती खाल्लीस, वर्तमानपत्राचा कोपरा खाल्लास, आणि आजोबांच्या चष्म्याची एक काडी चावून तिचा आकार बदललास.

दहाव्या दिवशी मी तुला अलिबागला डॉक्टरांकडे नेलं. वजन पाव किलोने उतरलं होतं. "एवढ्यात काळजीचं कारण नाही," ते म्हणाले, आणि मी ते तसंच्या तसं तुझ्या आईला फोनवर सांगितलं. तिला त्यातलं 'काळजीचं कारण' एवढंच ऐकू आलं. मग म्हणाली, "आई, रविवारपर्यंत ती नीट जेवायला लागली नाही, तर मी येते आणि तिला घेऊन जाते. परीक्षा पुढच्या वर्षी." तो बुधवार होता. तुझी आई लहान असताना मीही माझी एम.ए.ची परीक्षा अशीच पुढच्या वर्षावर टाकली होती. ते पुढचं वर्ष अजून आलेलं नाही. म्हणून फोन ठेवल्याबरोबर मी तुझ्यापुढे वाटी धरून "खा गं बाई, एकच घास" असं बहुधा पन्नासाव्यांदा म्हणत होते, तेव्हा कुंपणापलीकडून आवाज आला.

"वैनी, कशाला पोरीचा जीव खाताय?"

मीठआजोबा कुंपणाशी उभे होते, हातात पळी. मी म्हटलं, "जीव मी खात नाही, तीच काही खात नाही."

"कशी खाईल? बोट लागली हाय तिला."

मी त्यांना सांगितलं की ती कोरड्या पडवीत बसली आहे. तेव्हा त्यांनी मला त्यांचं शास्त्र ऐकवलं. जहाजावर नवीन आलेली पोरं पहिले चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असतात. आई आठवते, पोटात ढवळतं, आणि अन्नाचा वास आला तरी रडू येतं. "त्याला जेव बोललं का तो मेला," मीठआजोबा म्हणाले. "त्याला जेव म्हनायचं न्हाय. त्याला काम द्यायचं. हिची आय गेली, घर गेलं, नवीन बोटीवर आलीय. द्या हिकडं."

मी तुला कुंपणावरून दिलं आणि वही घेऊन मागोमाग गेले. त्यांनी तुला त्यांच्या ओट्याजवळच्या उंच स्टुलावर बसवलं, कमरेला दोरी बांधली, म्हणजे बोट हलली तरी तू पडू नयेस, आणि तुझ्याकडे चक्क पाठ फिरवली. पातेल्यात तांदळाची पेज रटरटत होती. त्यांनी ती वाटीत घेतली, फुंकली, स्वतः चाखली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग जणू स्वयंपाकघरात दुसरं कोणी जाणतं माणूसच नाही, अशा नाइलाजाने तुझ्याकडे वळून म्हणाले, "मला काय कळत न्हाय बा. बग गं, मीठ हाय का?"

तू त्यांच्याकडे बघितलंस. चमचा तोंडात घेतलास. जरा विचार केलास आणि म्हणालीस, "नाही."

"न्हाय? आयला, चुकलं." त्यांनी बरणीत हात घालून चिमूट वाटीवर सोडली, ढवळलं. "आता?"

दुसरा चमचा. "नाही."

"अजून न्हाय? वैनी, ही लय कडक हाय." पुन्हा चिमूट, पुन्हा चमचा, पुन्हा नाही. तुझा सगळ्यात आवडता शब्द आणि तो म्हणायची पूर्ण मुभा. मी वहीत रेघा मारत होते. तुझ्या एकोणीस नकारांत वाटी रिकामी झाली. विसाव्या वेळी त्यांनी मोकळी वाटी दाखवून विचारलं, "आता?" तर तू वाटीत डोकावलीस आणि मोठ्या समाधानाने म्हणालीस, "न्हाय."

त्या संध्याकाळी मला वाटलं, कृती तर कळली. आता घरची शिस्त आणि ही युक्ती एकत्र केली की काम झालं. गुरुवारी सकाळी मी मऊ भात केला, तुला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "इरा, मीठ आहे का?" तू म्हणालीस, "न्हाय." मी चिमूटभर घातलं. न्हाय. आणखी चिमूटभर. पाचव्या चमच्याला तुझा चेहरा बदलला, सहावा माझ्या साडीवर आला, आणि त्यानंतर तू दिवसभर माझ्या हातचं पाणीसुद्धा प्यायली नाहीस. मी तो भात चाखून बघितला. उरणच्या मिठागरात त्याहून अळणी काहीतरी मिळालं असतं.

मी वाटी घेऊन तशीच मीठआजोबांकडे गेले. त्यांनी एक बोट लावून चाखलं आणि तीस वर्षं वर्गात मी इतरांकडे टाकत आले होते तशा नजरेने माझ्याकडे बघितलं. "वैनी, तुमी खरंच मीठ घातलंत?"

"मग काय घालायचं?"

त्यांनी बरणीत हात घातला, चिमूट बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर सोडली. काहीच पडलं नाही. "मीठ पेजेत पैल्यापासून असतंय. चिमूट रिकामी." मग बरणीचं झाकण लावत म्हणाले, "तुमच्यासारख्या खऱ्या मानसानं पोरं जेववू नये. तिला दुपारची हिकडं पाठवा."

दुपारी साडेबाराला घंटा झाली की तू डब्यांच्या रांगेच्या पुढून, आजोबांचं बोट धरून, कामावर जायचीस. रांगेतल्या बायका बाजूला होऊन म्हणायच्या, "चला, मीठ बघणारी आली." तिथेच तू त्यांना मीठआजोबा म्हणू लागलीस, आणि तिथे तू पेज खाल्लीस, वरण खाल्लंस, दुधी खाल्लास, लाल भोपळा खाल्लास, आणि प्रत्येकाला नाही म्हणालीस. शनिवारपासून सकाळ-संध्याकाळ मलाही जमू लागलं. मी चिमूट सोडताना भिंतीकडे बघायची, म्हणजे खोटेपणा डोळ्यांत दिसू नये. रविवारी तुझी आई व्हिडिओवर आली तेव्हा तू हातात भाकरीचा तुकडा घेऊन बसली होतीस. मग तिने विचारलं, "इरा, आईची आठवण येते?" तू तोंडातला घास नीट चावून म्हणालीस, "न्हाय." तुझी आई हसली, रडली, आणि म्हणाली, "आई, ही असं काय बोलायला लागली? तू इंग्रजीची बाई ना?" आणि अभ्यासाला बसली. ती परीक्षा पास झाली, त्यामुळे पुढे तुम्ही सगळे एवढ्या लांब जाऊ शकलात. ते बरं झालं, असं मी स्वतःला सांगत असते.

या पावसाळ्याच्या शेवटी मीठआजोबांना ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. चार दिवस घंटा वाजली नाही, आणि आमच्या आळीला जेवायच्या वेळा कळेनाशा झाल्या. पाचव्या दिवशी मी पेज घेऊन गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "भूक न्हाय, वैनी," माझ्याकडे न बघताच म्हणाले. मी जेवा म्हटलं नाही. खुर्ची ओढली, बरणी जवळ घेतली आणि म्हटलं, "हल्ली मला अंदाज येत नाही. जरा मीठ बघता का?"

ते सावकाश वळले. वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चमचा तोंडात घेतला. "न्हाय."

मी चिमूट सोडली. दुसरा चमचा. न्हाय. पाचव्या का सहाव्या वेळी ते म्हणाले, "चिमूट घट्ट धरा जरा. अशी सैल धरली का कळतंय, आत काय न्हाय ते."

"कळतंय, तर खाताय कशाला?"

"तुमी खोटं करताय," ते म्हणाले. "हे परत कधी बगायला मिळंल?" आणि थोड्या वेळाने, "पन मीठ अजून न्हाय हां." ती वाटी संपायला तास लागला.

आता घंटा पुन्हा वाजते. पण परवा डबा घेऊन गेले तेव्हा पातेलं लहान होतं. दहाबारा माणसांचं असेल. इतकी वर्षं मी त्यांना प्रमाणात रांधायला सांगत आले, आणि आता ते प्रमाण बघून मला बरं वाटलं नाही. त्यांनीच विचारलं, "मीठ बघनारी कधी येतेय?" मी म्हटलं, मे महिन्यात, धाकट्याला घेऊन. "मग मोठं पातेलं कल्हई करून ठेवतो," ते म्हणाले.

इरा, तू आता अकरा वर्षांची आहेस, स्वतःच्या हाताने नीट जेवतेस आणि हवं-नको सांगायला तुला पुष्कळ शब्द येतात. तरी त्यांनी वाटी पुढे करून विचारलं, तर लगेच हो म्हणू नकोस. नीलला पण सांगून ठेव.