छापील कुत्र्यासाठी उपास

आमच्या आईनं जन्मात सगळ्यांत कडक उपास केला तो एका कुत्र्यासाठी, आणि ते कुत्रं कधी जन्मालाच आलं नव्हतं.

जर्मनीची दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस. निपाणीत आमचं जैनाचं घर, थोडी तंबाखूची शेती. आईला आम्ही आक्का म्हणायचो, वडलांना आप्पा. मी एकोणीस वर्षांचा होतो. मॅट्रिकला बसून उठलो होतो (पास होणं हा वेगळा विषय!) आणि घरात माझा उपयोग एकच होता, तो म्हणजे मला मोठ्यानं आणि भरभर वाचता यायचं. आक्काचं माहेर चिकोडीचं, शिक्षण कानडी. मराठी बोलायला लागली की समोरच्याला तोंड उघडू द्यायची नाही, पण छापलेलं मराठी तिच्या लेखी नुसत्या मुंग्या. म्हणून दुपारी गल्लीतल्या बायका तांदूळ-जोंधळा निवडायला घेऊन आमच्या पुढच्या सोप्यात जमायच्या आणि मी वाचून दाखवायचो.

त्या साली गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक कादंबरी मागवली. भयंकर होती! पेशवाईतला एक ओसाड किल्ला, खाली भुयार, भुयारात एक 'ते'. 'ते' म्हणजे काय, हे लेखकानं दोनशे पानं सांगितलंच नाही. फक्त त्याचा श्वास ऐकू यायचा आणि माणसं कमी व्हायची. आणि या सगळ्यात एक कुत्रा, नाव सरदार. काय त्याची बुद्धी! दाराची कडी काढायचा, घोड्याचा दोर सोडायचा, धन्याची चिठ्ठी नेमक्या माणसाच्या मांडीवर नेऊन ठेवायचा. आमच्या वैनी एकदा ऐकता ऐकता म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्यापरास हुशार हाय!" आणि 'हे', म्हणजे माझा थोरला भाऊ, दारातच उभा होता.

चार घरं, पुस्तक एक. बायकांचं ऐकून भागायचं, पण घरोघरच्या वाचणाऱ्यांना दम निघेना. तेव्हा मी माझी अक्कल चालवली. चाकू घेतला, पुस्तकाची शिवण उसवली आणि सोळा-सोळा पानांचे चौदा फॉर्म सुटे केले. आम्ही वाचलेला फॉर्म शेजारी, शेजारचा त्याच्या पलीकडे, अशी व्यवस्था! सगळ्या गल्लीनं माझं कौतुक केलं. (या उद्योगात मुखपृष्ठ फाटून गेलं. त्यामुळे पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. सगळे त्याला 'कुत्र्याचं पुस्तक' म्हणायचे.)

पुस्तकाचा परिणाम स्वयंपाकावर दिसू लागला. 'ते' जवळ आलं की बायकांचे हात थांबायचे आणि खडे तांदळातच राहायचे. आप्पा जेवताना दाताखाली खडा आला की हळूच विचारायचे, "आज भुयारात गेलतासा वाटतं?"

आणखी एक अडचण होती. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं. मग दिवा लावून वाचायचं म्हटलं तर दिव्यावर किडे येऊन मरतात, म्हणून आप्पांची मनाई. त्यामुळे कथा कितीही रंगात आलेली असो, उन्हं कलली की पुस्तक बंद! सगळी गल्ली रात्रभर टांगलेली. लेखकाला जेवढा सस्पेन्स जमला नव्हता तेवढा आमच्या धर्मानं केला.

अशाच एका दुपारी तेरावा फॉर्म संपत आला होता. धनी भुयारात अडकलेला, मागून श्वास ऐकू येतोय. सरदारनं धन्याला धक्का मारून बाहेर ढकललं, आणि वरून लोखंडी दार धाडकन खाली आलं. धनी बाहेर. सरदार आत. आणि आत 'ते'!

"फुडं?" सगळ्या बायका एकदम ओरडल्या.

"फुडं उद्या," आप्पा आतून म्हणाले. "दिवस मावळाय आला. पानं वाढा."

पानं वाढली. आक्का पानावर येईना. खांबाला टेकून बसली होती, डोळे भरलेले.

"त्या मुक्या जनावरानं धन्यासाठी जीव धोक्यात घातला, आन् मी हितं भाकरी मोडू?" ती म्हणाली. आणि हात जोडून, सगळ्यांच्या देखत बोलली, "त्ये कुत्रं जित्तं भाईर आल्याबिगर मी अन्नाला शिवणार न्हाय. ह्यो माझा नेम!"

आमच्याकडे नेम म्हणजे चेष्टा नव्हे. एकदा देवाला साक्षी ठेवून बोललं की जीव गेला तरी मोडायचा नाही. आणि आक्काच्या बाबतीत तर जीव आधी गेला असता.

आप्पांच्या हातातला घास हातातच राहिला. "अगं, ती कादंबरी हाय! कुत्रं शाईचं हाय!"

"असू दे."

"मी मुदतीच्या तापानं महिनाभर पडलतो, तवा तू दोन्ही येळा जेवत हुतीस!"

"तवा तुमी बरं हुनार ह्ये मला ठावं हुतं," आक्का म्हणाली. "ह्येचं कुटं ठावं हाय?"

मी म्हटलं, "आक्का, काळजी करू नगंस. उद्या उजाडलं की शेवटचा फॉर्म वाचून टाकतो." आणि रुबाबात कोनाड्यातून चौदावा फॉर्म काढायला गेलो. कोनाड्यात चौदावा फॉर्म नव्हता.

घर उलटंपालटं केलं. धान्याच्या कणग्यांत पाहिलं, शेजारच्या तिन्ही घरांत विचारलं. मग एकदम आठवलं. चार दिवसांपूर्वी चिकोडीचे मामा, म्हणजे आक्काचे सख्खे भाऊ, येऊन गेले होते. मामा मराठी शाळेत शिकलेले, पण अत्यंत भित्रे. भुताखेताचं पुस्तक हाती आलं की आधी शेवट वाचायचे आणि धीर आला तरच पहिल्या पानाकडे वळायचे. त्यांनी शेवटचा फॉर्म मागितला आणि मी तो, आपली व्यवस्था किती छान आहे हे दाखवायच्या नादात, घडी करून त्यांच्या खिशात घातला होता!

सकाळी आक्का उठली तीच पांढरीफटक. तोंडात फक्त उकळून गार केलेलं पाणी. मी सायकल काढली.

आप्पा दारात आले. त्यांच्या आवाजात आदल्या दिवशीची चेष्टा नव्हती. "हे बग, दिवस मावळायच्या आत परत ये. मावळला की आज बी ती उपाशीच ऱ्हाणार. तिचं वय काय, तब्येत काय! आन् कुत्र्याला घिऊनच ये."

निपाणीहून चिकोडी सायकलनं जवळ नाही. माझ्या सायकलनं तर मुळीच नाही. वाटेत दोनदा पंक्चर झालं, एकदा चेन पडली, आणि एका वळणावर एका खऱ्या कुत्र्यानं पाठलाग केला. (सरदारच्या जातीबद्दल माझ्या मनात त्या घटकेला काय आलं ते लिहीत नाही.) मामांच्या घरी पोचेपर्यंत दुपार टळायला आली होती.

मामांनी सगळं ऐकलं. "अय्यय्यो! नेम घेतला म्हनतोस? जित्तं भाईर येईपातूर?"

"व्हय. फॉर्म कुठाय मामा?"

मामा आत गेले आणि फडक्यात बांधलेला फॉर्म घेऊन आले. माझ्याकडे बघेनात. "लेका," ते म्हणाले, "त्यो पैल्या पानावरच मरतोय रं." आणि मामांनी उपरण्यानं डोळे पुसले.

मी उभ्या उभ्या वाचलं. खरंच! पहिल्याच पानावर सरदार 'त्या'ला कडाडून चावतो आणि भुयाराच्या दुसऱ्या तोंडातून दोघंही दरीत पडतात. पुढची पंधरा पानं धन्याचं लग्न! अक्षता, वाजंत्री, जेवणावळ! मला कुत्र्याचं वाईट वाटलं, लेखकाचा संताप आला, आणि मग डोळ्यांपुढे खांबाला टेकलेली आक्का दिसली.

"आता वं मामा?"

"मी तिला ल्हानपणापास्नं वळखतो. खरं सांगितलंस तर ती उठणार न्हाय," मामा म्हणाले. "तू कायबी कर. मी मरंपातूर तोंड उघडत न्हाय."

परतीच्या सगळ्या वाटेत मी पायडल मारत होतो आणि कुत्रा वाचवत होतो. एकही युक्ती धड जमेना. निपाणीत शिरलो तेव्हा दिवस मावळतीला टेकलेला, जेमतेम कासराभर वर राहिला होता. सोपा गच्च भरलेला. वैनींनी आत भाकरी, वांग्याची भाजी, गरम आमटी तयार ठेवलेली. आक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि इतकंच विचारलं, "हाय न्हवं?"

"हाय," मी म्हटलं. घाम पुसला, फॉर्म तोंडासमोर धरला आणि सुरू केलं.

"'सरदारनं आजूबाजूला पाहिलं. तो उकरू लागला. तो उकरतच राहिला.'" उकरून उकरून त्याला बाहेर काढला खरा, पण किल्ल्यापासून गावापर्यंत आणायचा कसा? दिवसभर सायकलीवर बसून माझ्या डोक्यात दुसरं काही शिल्लकच नव्हतं. "'बाहेर धनी सायकल घेऊन उभा होता. सरदारनं टुणकन उडी मारली आणि तो कॅरियरवर बसला.'"

"थांब," आप्पा म्हणाले. "पेशवाईत सायकल?"

मी फॉर्म आणखी वर धरला. "छापलंय तसं वाचतोय, आप्पा."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. फॉर्मकडे पाहिलं. मग आक्काच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आसंल, आसंल. पेशवे मोठी मानसं, त्यांच्याकडं काय नसंल!"

"बसू दे की कॅरेजवर," आक्का म्हणाली. "दमलं असंल बिचारं."

मी घंटी वाजवत कुत्र्याला गावात आणला, त्याला दूध पाजलं, त्याच्या गळ्यात सोन्याचा पट्टा बांधला आणि 'समाप्त' म्हणून फॉर्म मिटला. तेवढ्यात कोपऱ्यातून शेजारच्या काकूंनी विचारलं, "आन् त्ये कुटं गेलं रं? त्ये, श्वास घेत हुतं त्ये?"

'ते'! दोनशे पानं ज्याला सगळे घाबरले, त्याला मी साफ विसरलो होतो! "त्याचं काय लिवलं न्हाय," मी पुटपुटलो. त्यामुळे आमच्या गल्लीपुरतं ते भूत अजून मोकळंच आहे. (खरा फॉर्म दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीच्या चुलीत गेला. माझ्या हातून शिवण उसवली होती, तेव्हा एक फॉर्म हरवला यात कुणाला नवल वाटलं नाही.)

उन्हाचा शेवटचा पट्टा उंबऱ्यावर असताना आक्का पानावर बसली. हात जोडले, नेम सोडला आणि पहिला घास घेतला. तो घास खाली उतरलेला मी पाहिला आणि मला रडू आलं. देवाला मनातल्या मनात सांगून टाकलं की पाप असेल तर माझं, तिचं नव्हे. तिला काही कळलं होतं की काय, हे मी जन्मात विचारलं नाही. धीरच झाला नाही.

सगळी गल्ली मात्र चर्चेला बसली. "बाकी पुस्तक झ्याक, पर शेवट न्हाय जमला." "व्हय की, श्येवटाला दमलेला दिसतोय." "माझी म्हैस बी ह्याच्यापरास बरं लिवंल!" आप्पा तर माझ्याकडेच बघत म्हणाले, "लेखक मॅट्रिक नापास हाय बग." मी सगळ्यांना मान डोलावून अनुमोदन देत होतो. दुसरं करणार काय?

आक्कानं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "श्येवट लिवणारा खुळा हाय, ह्यात काय वाद न्हाय," ती म्हणाली. "पर मनाचा चांगला हाय. त्येनं कुत्र्याला मारलं न्हाय."

पुढं मी पुष्कळ लिहिलं, काही छापूनही आलं. त्यावर जाणकारांनी अभिप्राय दिले, आणि आक्काच्या पहिल्या वाक्याशी सगळ्यांचं एकमत झालं. दुसरं वाक्य मात्र आजपर्यंत कुणी लिहिलं नाही.