कुंभारीण की गांधील

माशी दिसली की माझा हात आधी चपलेकडे जातो. तिचं नाव-गाव विचारत बसायचा माझा स्वभाव नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या ऑपरेटरबाईंचं तसं नव्हतं. कोण बोलतंय ते आधी कळलं पाहिजे, मग पुढचं बघू, असा त्यांचा खाक्या.

सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि दिवसभर एकाची माणसं दुसऱ्याला जोडून द्यायची. नवरा लवकर गेला. मुलगा शिकला आणि लांबच्या शहरात स्थिरावला. पुढे एक्स्चेंजलाही कुलूप लागलं, बाईंचे कान तेवढे राहिले. जिन्यातल्या पावलांवरून कोण चढतंय ते त्या दार न उघडता ओळखायच्या. त्यांच्याकडे मात्र कोणीच येत नसे. दुपारची मी जाऊन बसायची, तेवढंच.

यंदा सुट्टीत मुलगा, सून आणि नात येणार होते. बाईंनी मागची खोली आवरली, गाद्यांना ऊन दाखवलं, नातीसाठी नवी उशी शिवून घेतली. आणि फोनवर सहज बोलून गेल्या, "खिडकीत कसलीशी माशी घर करतेय रे." झालं! नातीला मागे एकदा मधमाशी डसली होती, तेव्हा तोंड सुजून श्वास कोंडला आणि दवाखाना गाठावा लागला होता. मुलगा म्हणाला, "आई, ती कसली आहे ते नक्की कळू दे. मगच तिकिटं काढतो."

त्याचंही खोटं नव्हतं. पण सगळं येऊन अडलं एका माशीवर.

मी झाडू घेऊनच गेले. म्हटलं, "खरवडून टाकते ताई, प्रश्नच मिटला."

"थांब गं. ही काढशील, पण आणखी कुठे काय आहे ते कोणाला ठाऊक? पोर यायची आहे. सगळं घर बघून घेऊ."

मग आम्ही दोघी घराभोवती फिरलो. पाण्याच्या मीटरच्या पेटीत करड्या कागदाचं असावं तसं पोळं लटकत होतं, खालून सगळी घरं उघडी. "हे गांधीलमाशीचं," बाई म्हणाल्या. "पण मागच्या वर्षीचं. बघ, एकही नाही." मी काठीने ढोसलं तर त्याचा चुराच झाला. मागच्या दाराच्या चौकटीला गोल भोक होतं आणि खाली भुसा पडला होता.

"हा भुंगा. अंगाने दांडगा, पण कोणाच्या अध्यात ना मध्यात."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखा," मी म्हटलं. बाई हसल्या. त्या हसल्या की बरं वाटायचं.

मधाचं पोळं कुठेच नव्हतं. राहिली मागच्या खोलीची खिडकी. चौकटीच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा मातीचा गोळा चिकटला होता. बाई खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी चक्क डोळे मिटले. माशी ओळखायला बसलेली बाई डोळे मिटून! मी कसंबसं हसू दाबलं.

"ऐक," त्या म्हणाल्या.

माशी ओल्या मातीची गोळी घेऊन आली. लिंपायला लागली तसा बारीक, चढा सूर लागला. लिंपणं थांबलं की सूरही थांबे.

"गांधीलचा आवाज भरड. आणि ती एकटी नसते, तिचा गोतावळा असतो. ही एकटीच येते, एकटीच जाते. कुंभारीण आहे ही. कंबर बघ, दोऱ्याएवढी. हात घातला नाहीस तर डसायची नाही. कोळी धरून आणते, आत भरते, अंडं घालते, तोंड लिंपते आणि जाते निघून. पोरांचं तोंड बघायलाही थांबत नाही." मग गोळ्याकडे बघत म्हणाल्या, "सुटली बिचारी."

मी चहा टाकायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोळ्याचं तोंड बंद झालेलं दिसलं, आणि दुपारपर्यंत माशी काही परतली नाही. बाईंचा चेहरा उजळला. तिथेच खिडकीपाशी बसून त्यांनी फोन लावला आणि मला हाताला धरून थांबवून घेतलं. त्यांच्या फोनचा आवाज असा मोठा, की पलीकडचं मलाही ऐकू येत होतं.

"काय निघालं मग, आई?" मुलाने विचारलं. "गांधीलच ना?"

बाईंनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. मी खुणा करत होते, सांगा की! त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"हो रे," त्या म्हणाल्या. "गांधीलच. मोठं पोळं आहे. काढलं तरी पुन्हा धरतात म्हणे. या खेपेला नका येऊ तुम्ही."

"अरेरे. नेमकं आत्ताच," मुलगा म्हणाला आणि भराभरा बोलत सुटला. रजा तशीही कमीच मिळत होती, हिच्या आईकडेही बरेच दिवसांत जाणं झालं नव्हतं, तर आता तिकडेच जाऊन येतो, आणि तू सांभाळून राहा.

मी हाताने फोन झाकला. "ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? असं का सांगितलंत?"

"ट्रंक कॉल जोडताना मला पहिल्या शब्दाला कळायचं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माणसाला बोलायचंय की सुटायचंय. त्याला सुटायचं होतं गं. मी कुंभारीण म्हटलं असतं, तर त्याला आणखी काहीतरी शोधावं लागलं असतं."

मला त्या मुलाचा असा संताप आला की समोर असता तर चार शब्द सुनावले असते. बाईंचाही आला. आणि रडूही आलं.

मी हात काढला तोवर फोनवर दुसराच आवाज होता. नातीने बापाच्या हातून फोन ओढून घेतला असावा.

"आजी, मी माझी बॅग भरलीय. ती माशी कधी जाणार?"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. मातीचा गोळा वाळून पांढुरका झाला होता आणि सकाळपासून तिथे कोणी फिरकलं नव्हतं.

"अजून आहे गं, बाळा," त्या म्हणाल्या.