दोन वर्षांची अट

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो, पण हे एक अजून मनातून जात नाही. कॅनडात, नॉर्थ यॉर्कच्या पोलीस ठाण्यात मी डिटेक्टिव्ह होतो तेव्हाचं. त्या काळी इथे एक नियम होता. नुकतंच लग्न होऊन जोडीदाराच्या अर्जावर कॅनडात आलेल्याला पी.आर., म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळे, पण अटीवर. दोन वर्षं त्याच जोडीदाराबरोबर संसार करायचा, नाहीतर पी.आर. जाऊ शकत असे. खोटी लग्नं रोखायला केलेला हा नियम खऱ्या लग्नातल्या काही बायकांच्या गळ्याशी आला होता.

जानेवारीतला शुक्रवार होता. आमच्याकडे कुणीही भारतीय आला, पंजाबी असो की तमिळ, डेस्क सार्जंट त्याला माझ्याकडे पिटाळायचा. त्या दिवशी आलेला मराठी निघाला. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं फर्डं.

"सर, सकाळी मी शॉवर घेत होतो, तेवढ्यात बायको पळाली. शी जस्ट यूज्ड मी. पी.आर.साठी लग्न केलं. डिपोर्ट करा तिला."

बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि बायको बेपत्ता, पण काळजी त्याच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हती. डिपोर्ट करणं आमचं काम नव्हे, हे सांगून मी तक्रार नोंदवून घेतली.

दुपारी फोन आला. त्याच इमारतीत दोन मजले खाली राहणाऱ्या, मूळच्या अलिबागकडच्या एक वयस्क ज्यू बाई बोलत होत्या; पुढे मी त्यांना मावशीच म्हणू लागलो.

"तुमच्यात मराठी बोलणारा तूच काय? पोरगी माझ्याकडे आहे. लाँड्रीरूममधली आमची ओळख. सकाळी आमच्या शनिवारच्या शब्बाथसाठी स्वयंपाकाला लागले होते, तर ही दारात. तू ये, पण तो युनिफॉर्म घालून नको येऊस हो."

एका महिला सहकाऱ्याला घेऊन मी साध्या कपड्यांत गेलो. मुलगी साताऱ्याकडची. अंगावर सुती सलवार-कमीज, पायात घरातल्या चपला, मनगट काळंनिळं.

"नवरा मारतो का?"

"नाही काका. वॉशरूममध्ये पडले. सगळं छान आहे. संध्याकाळी घरी जाते, तुम्ही काही लिहू नका."

"अगं, छान आहे तर सकाळपासून रडतेस कशाला?" मावशी वैतागल्या.

तिची दोन वर्षं भरायला काही महिने बाकी आहेत, हे मावशींकडून कळलं. आपण एक फोन केला की तुला विमानात बसवतील, असं नवऱ्याने बजावलं होतं. मी सांगितलं, अट आहे, पण छळ होत असेल तर त्या अटीतून सूट मिळते. फक्त खरं सांगावं लागतं आणि पुरावा लागतो.

"हे तर म्हणतात, असं काही नसतं," ती म्हणाली.

तिचे कपडे आणि पासपोर्ट आणायला आम्ही वर गेलो. आपल्या माणसांच्या घरात शिरताना मी आधी दाराजवळची पादत्राणं बघतो. घरात कोण आहे, कोण नाही, ते तिथे कळतं. त्याचे बूट होते, तिचे नव्हते. पण ती तर चपलेवर आली होती! नवरा तोऱ्यातच होता. त्याने बॅग भरून पुढे केली.

"तिचा कोट, बूट?" मी सहज विचारलं.

"ते खाली गाडीत आहेत. चला, देतो."

पार्किंगमध्ये त्याने स्वतःच डिकी उघडली. कोट आणि बूट एका पिशवीत कोंबले होते.

"इथे का ठेवलेत?"

"घरात असले की उठसूट बाहेर जायची, सर. मी ऑफिसला जाताना बरोबर घेऊन जायचो."

शिस्त लावल्याच्या थाटात तो हे सांगत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. दाराला कुलूप न लावता त्याने बायकोला हिवाळाभर कोंडलं होतं. मी सगळं लिहून घेतलं.

मावशींकडे परत येऊन बूट तिच्यासमोर ठेवले. ती बघतच राहिली.

"त्यांनी सांगितलं तुम्हाला? स्वतः?"

"स्वतः. आम्हा दोघांच्या देखत. सगळं लिहून घेतलंय."

इतके दिवस आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, म्हणून ती गप्प होती. आता बांध फुटला. तिचा जबाब घेता घेता संध्याकाळ झाली. नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला. एका वकीलबाईंनी सूट मागणारा अर्ज केला. सोबत माझी टिपणं आणि मावशींची साक्ष गेली. निकाल येईपर्यंत मावशींनी तिला स्वतःकडेच ठेवून घेतलं. पुढे तो नियमही सरकारने काढून टाकला.

या प्रकरणाने मला चौकशीची रीत शिकवली. घाबरलेल्या माणसाला कायदा कुठे आधार देतो, हे आधी सांगायचं, शक्य तर समोर एखादा पुरावा ठेवायचा, आणि मगच प्रश्न विचारायचे. हाताखालच्या पोरांनाही मी तेच शिकवलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये, बर्फ पडत असताना तिचा फोन आला. "काका, सूट मिळाली! अट गेली!" मला फार आनंद झाला. मागे गाड्यांचा आवाज ऐकू येत होता, म्हणून विचारलं, "अगं, एवढ्या बर्फात कुठे निघालीस?"

"कुठेच नाही," ती हसत म्हणाली. "उगाच बाहेर पडलेय."