खिचडीनंतरचा तास

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबच्या एका छापखान्यात उभी होते. आमच्या नव्या पत्रकाचा पहिला ताव हातात होता, अक्षरं अजून ओली होती. फोन रुक्मिणमावशींचा. मावशी म्हणजे बाईंच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. त्या कधी फोन करत नाहीत. "बाई गेल्या गं," त्या म्हणाल्या, "पहाटं, सोलापूरच्या दवाखान्यात." मशीन खडखडत होतं. मग त्यांनी विचारलं, "आता तरी लिवशील का?" ...आणि फोन ठेवला.

काय लिहायचं राहिलं होतं, ते आधी सांगते. सात महिने झाले होते त्याला. आम्ही पाचसहा जण मिळून जिल्ह्यातल्या सरकारी शाळांची अवस्था लोकांपुढं आणतो. गळकी छपरं, रिकाम्या खुर्च्या, एका खोलीत कोंबलेले चार वर्ग. फोटो काढतो, पत्रक छापतो, बाजाराच्या दिवशी वाटतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि मी ते सोडणारही नाही. पण गेल्या माघात मी कळंबपासून आत, खव्याच्या भट्ट्यांच्या पट्ट्यातल्या एका गावात गेले होते. दुपारचे पावणेदोन. शाळा दोन खोल्यांची. पहिली-दुसरीच्या खोलीच्या खिडकीतून आत पाहिलं तर सतरंजीवर वीसेक लेकरं गाढ झोपलेली, आणि मधोमध स्टुलावर एक वयस्क बाई, डोळे अर्धवट मिटलेले. मी खिडकीतूनच फोटो काढला. आत गेले नाही. विचारलं नाही. दोन दिवसांत पत्रक निघालं, वर मोठ्या अक्षरात मथळा होता, 'वर्ग झोपलाय!' खाली गावाचं नाव होतं, बाईंचं नाव होतं. फोटो मोबाईलवरून जिल्हाभर फिरला. आणि सुनंदाबाईंना, नोकरीचं शेवटचं वर्ष चालू असलेल्या सुनंदाबाईंना, कारणे दाखवा नोटीस आली.

चौथ्या दिवशी त्यांचाच फोन. मी भांडायच्या तयारीत. तर त्या म्हणाल्या, "फोटो छान आलाय. लेकरं गोड दिसतेत. पण त्यात आवाज न्हाय आला बघ. सोमवारी ये आणि शनिवारपर्यंत बस माझ्या वर्गात. मग काय लिहायचं ते लिही." मी गेले ते खरं सांगायचं तर आणखी पुरावे मिळतील म्हणून गेले.

त्या आठवड्याची आठवण आता काढायला बसलं की ती सरळ येत नाही. उन्हात वाळत घातलेल्या लुगड्यासारखी हलत राहते. माघातलं कोवळं ऊन दारातून आत येऊन पहिल्या रांगेच्या पायांवर बसायचं, आणि तास पुढं सरकला की तेही सरकून दुसऱ्या रांगेकडं जायचं. गावावर दिवसभर आटणाऱ्या दुधाचा वास. सोमवारी प्रत्येक पोर घरून तुरीच्या काड्यांची मोळी घेऊन आलेलं. मला वाटलं, आता मोजायला लावतील. बाईंनी मोजायला लावलंच नाही. "हातात धरा," म्हणाल्या, "कानापाशी न्या. वाकवा. मोडली तर मोडू दे." कुणी काडीनं पाठ खाजवली, कुणी विडी ओढल्याचं सोंग केलं, सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या. मी मागं बसून वहीत लिहिलं, 'चाळीस मिनिटं. शिकवलं काहीच नाही.' ती वही अजून माझ्याकडं आहे. अक्षर किती ठाम आहे त्यातलं!

मग खिचडी झाली, हात धुऊन झाले, मावशींनी सतरंजी अंथरली. लेकरं आडवी झाली आणि पाच मिनिटांत डोळे मिटले. बाईंनी स्टूल मधे ओढलं आणि त्या बोलायला लागल्या. कुणाकडं न बघता, अगदी खालच्या आवाजात. सकाळी जे झालं तेच, त्याच क्रमानं. तुरीच्या काड्या आल्या... काड्या रानातनं आल्या... एक काडी वाकली, एक मोडली... मोडलेल्या काडीच्या दोन झाल्या... कढईत दूध आटताना उलथनं जसं एकाच संथ गतीनं फिरत राहतं, तसा तो आवाज फिरत होता. मध्येच एखादं पोर झोपेत ओठ हलवायचं. मला स्वतःला डुलकी लागली होती, हे तेव्हा वहीत लिहिलेलं नाही.

घंटा झाल्यावर मी विचारलंच. "झोपलेल्यांना कोण शिकवतं, बाई?"

"झोपलेत कुठं? जागी लेकरं ऐकत न्हाईत, बाळ. त्यांचं सगळं ध्यान स्वतःच्या तोंडाकडं असतं. आता तोंड बंद झालं का? मग कान उघडले."

"आणि हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"तू उद्या पहाटं पाचला ये. पुस्तक दाखविते."

आठवडाभर मी मावशींच्याच घरी उतरले होते, त्यामुळं पळवाट नव्हती. मंगळवारी पहाटे बाई मला गावातून फिरवत होत्या. प्रत्येक घरात दिवा. म्हशींच्या धारा चाललेल्या, दुधाच्या किटल्या दुचाकीला बांधणं चाललेलं, कोपऱ्यावरच्या भट्टीतून जाळाचा उजेड रस्त्यावर पडलेला. घरं एका खोलीची. दिवा लागला की सगळेच उठणार. एका दारात कोमल बसलेली, पहिलीतली, अंगात बापाचा स्वेटर, हातात रेडकाची दोरी. तिनं बाईंना बघून नुसती मान हलवली, एखाद्या कामकरी माणसानं वाटेत भेटलेल्या दुसऱ्या कामकऱ्याला हलवावी तशी. "चारला उठतंय ते," बाई म्हणाल्या. "धा वाजता माझ्याकडं येतंय तवा त्याचा निम्मा दिवस झालेला असतो. आणि आपण त्येला म्हणायचं, सावधान बस." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग मला आला, आणि तो नेमका कुणाचा आला ते कळत नव्हतं, म्हणून जास्तच आला.

बुधवारी काड्या सुतळीनं बांधायच्या होत्या, दहादहांच्या. बाकीच्यांचं जमलं. कोमलच्या जुडीत कधी आठ, कधी अकरा. बाईंनी विचारलं तर ती म्हणाली, "माझ्या मुठीत येवढ्याच मावतेत." बाई म्हणाल्या, "बरं. तुझी मूठ." बस्स, एवढंच. चूक म्हणून सांगितलं नाही, परत मोजायला लावलं नाही. मी मागून जवळजवळ ओरडणारच होते. दुपारी मात्र आडव्या पडलेल्या वर्गावरून तो आवाज नेहमीपेक्षा सावकाश गेला... एक काडी आली, निजली... दुसरी आली, तिच्याशेजारी निजली... दहावी आली तवा जागा झाली पुरी... मग सुतळीचं पांघरूण... मी कोमलकडं बघत होते. ती पालथी पडलेली, गाल सतरंजीवर, तोंडातून लाळ. तिच्यापर्यंत यातलं काही पोचतंय असं मला मुळीच वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी तिनं कुणी न सांगता आपल्या सगळ्या जुड्या सोडल्या आणि एकेक काडी शेजारी शेजारी ठेवत नव्यानं बांधल्या. सगळ्या दहाच्या. मुठीत मावत नव्हत्या, म्हणून मांडीवर घेऊन बांधल्या. "बाई, निजवल्या," ती म्हणाली. शुक्रवारी बाईंनी तिच्यासमोर एक जुडी आणि तीन सुट्या काड्या ठेवल्या. "तेरा हैत. मला पाच दे." कोमलनं तीन सुट्या दिल्या आणि थांबली. जुडीकडं बघत राहिली. बाहेर मावशी तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. कुणी काही सांगितलं नाही. बाई तर खिडकीबाहेर बघत होत्या, जणू त्यांना पाच काड्यांची काही निकड नव्हती. मग कोमलनं जुडी तोंडाजवळ नेली, हळूच म्हणाली, "उठा." सुतळी सोडली. दोन काड्या बाईंच्या हातात ठेवल्या. आणि उरलेल्या आठांकडं बघून म्हणाली, "ह्या आता जाग्याच ऱ्हाणार."

ज्यांना ही गोष्ट साधी वाटते त्यांनी पहिलीच्या लेकराला हातच्याची वजाबाकी शिकवून बघावी. मी शिकले तेव्हा मला छडी बसली होती आणि दहा कुठून येतात ते चौथीपर्यंत कळलं नव्हतं. इथं एक सहा वर्षांची पोर ते काड्यांच्या कानात बोलून करत होती. दुपारपर्यंत सगळा वर्ग जुड्यांना "उठा, उठा" म्हणत होता, आणि एकानं तर शेजारच्या खोलीतल्या मुख्याध्यापक सरांनाही म्हणून बघितलं.

शनिवारी सकाळची शाळा, झोप नव्हती. लेकरं गेल्यावर मी बाईंना म्हणाले, "चुकलं माझं. मी सगळं लिहिते. दुरुस्तीचं पत्रक काढते."

"लिही," त्या पट्टीनं टेबलावरचा खडू गोळा करत म्हणाल्या. "घाई न्हाय."

घाई न्हाय. हे दोन शब्द मी सात महिने वापरले. आमच्या बैठकीत विषय काढला तेव्हा एक जण म्हणाला, "एका बाईसाठी मोहीम मागं घ्यायची का? बाकीच्या शाळांच्या पत्रकांवर कोण विश्वास ठेवील मग?" मी विषय सोडून दिला. मला ते पटलं म्हणून नव्हे, सोयीचं वाटलं म्हणून. वरिष्ठ कार्यालयात ज्यांनी नोटीस काढली त्यांनीही वर्गात पाऊल ठेवलं नव्हतं, त्यांनीही फोटोच पाहिला होता. म्हणजे मी ज्यांच्याविरुद्ध ओरडते ते आणि मी, दोघांनी मिळून एकाच खिडकीतून पाहिलं. बाईंना लेखी समज मिळाली, ती सेवापुस्तकात चिकटली. दुपारचं झोपणं बंद करावं असा आदेश आला. बाईंनी तो पाळला.

त्या मला शेवटच्या भेटल्या कळंबच्या बाजारात, गौरीच्या आदल्या दिवशी. मी पत्रकं वाटत होते. त्या खूप वाळलेल्या, आजाराचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी त्यांना पाहून हातातले कागद पाठीमागं धरले, हे मला आठवतं. त्या हसल्या. "लेकरं आता बसून झोपतेत," म्हणाल्या. "माना दुखतेत गं त्यांच्या." मग फुलांचा भाव विचारत पुढं गेल्या. पत्रकाचं त्यांनी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

म्हणून आता लिहिते. ते पत्रक चुकीचं होतं. वर्ग झोपलेला नव्हता. मी आत गेले नव्हते, विचारलं नव्हतं, आणि कळल्यावरही गप्प बसले. जिवंतपणी त्यांना हे वाचायला मिळायला हवं होतं. मिळालं नाही, आणि त्याला कारण मी आहे, दुसरं कुणी नाही.

हेच शब्द गेल्या आठवड्यात मी शाळेत पालकांसमोर वाचून दाखवले. फार दिवस तयारी केली होती. वाचून झालं तर कोमलचे वडील कान कोरत म्हणाले, "आमाला म्हायतच व्हतं की. तुलाच न्हवतं म्हायत." बायका हसल्या. कुणी रागावलंसुद्धा नाही... ते फार जड गेलं. मी सरांना विचारलं, कार्यालयात अर्ज देते, आदेश मागं घ्यायला लावते, तोपर्यंत काय? सर म्हणाले, "नव्या बाई यायला वेळ आहे. दुपारी मी माझ्या खोलीत शिकवत असतो. मला पलीकडचं दिसत नाही." असं म्हणून ते खरंच आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

सकाळी दोन्ही खोल्या सरांनीच सांभाळल्या होत्या, आणि पालक येईपर्यंत मी लहान्यांच्या मागं बसले होते. खिचडी झाली. मावशींनी सतरंजी अंथरली. लेकरं एकमेकांकडं बघत आडवी झाली. स्टूल मधे होतं आणि बसायला दुसरं कुणी नव्हतं. "बस," मावशी म्हणाल्या, "आणि सकाळी काय झालं त्ये सांग त्येन्ला." मी बसले. चौकात, माईकशिवाय, दोनशे माणसांना ऐकू जाईल असं बोलायची सवय असलेल्या गळ्यातून मी सुरुवात केली, की आज सकाळी आपण... आणि अर्धा वर्ग दचकून उठून बसला. एक पोर रडायला लागलं.

कोमल आता दुसरीत आहे. ती माझ्या पायाशीच पडली होती. एक डोळा उघडून म्हणाली, "ताई, हळू."

मी आवाज उतरवला. आज सकाळी आपण पाटीवर...

"आजून हळू."

आणखी उतरवला. इतका, की मला माझे स्वतःचे शब्द ओठांवरच कळत होते, कानाला नाही. खोलीत ऊन होतं. एकेक मान पुन्हा खाली टेकत गेली. रडणारं पोर कुशीवर वळलं. मी सकाळचं सगळं त्याच क्रमानं सांगत गेले, एकाही शब्दावर जोर न देता, आणि मग वाकून विचारलं, "आता बरोबर?"

कोमलला झोप लागली होती.