शंभर टक्के हजेरी

मिरजगावजवळच्या एका वाडीवर मी दोनशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक आहे. गेल्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेनं आमच्याकडं ‘आनंदाचा तास’ सुरू केला. दर शनिवारी गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी मुलांत येऊन बसायचं, म्हणजे दोघांचंही मन निरोगी राहतं. एवढं सांगायला त्यांना पडदा, प्रोजेक्टर आणि तीन तास लागले. आमच्याकडं म्हातारी आणि पोरं पहिल्यापासून एकाच ओसरीवर बसतात, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मीही सांगितलं नाही. पहिल्या रांगेत बसून मान डोलावली.

माणसं निवडायचं काम माझ्याकडं होतं. मी स्वच्छ कपड्यातले, कमी खोकणारे, फोटोत बरे दिसणारे निवडले. माझ्या आईला निवडलं नाही. ती आपणहून आली, म्हणून यादीत तिचंही नाव घालावं लागलं.

वडील गेल्यापासून आई दिवसाला दहा वाक्यंही बोलत नव्हती. शाळेत मात्र तिनं "एक हुता पादरा जावई" एवढं म्हटलं, की पोरं हसून लोळायची. तिसरीतली एक मुलगी वर्गात कधी तोंड उघडायची नाही; ती आईच्या मांडीला टेकून जावयाचे सगळे आवाज काढायची. आई शुक्रवारीच लुगडं धुऊन वाळत घालायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता. मी दाराशी उभा राहून, कुणी ऐकत तर नाही ना, हे बघत असे.

मग संस्थेचे साहेब तास बघायला येणार, असा निरोप आला.

"आई, उद्याचा तास रद्द झालाय," मी सांगितलं.

"का रं? पोरं आजारी हायती व्हय?"

"नाही. मीटिंग आहे."

"मंग फुडल्या शनवारी," म्हणत तिनं धुतलेलं लुगडं घडी करून ठेवलं.

साहेबांसमोर बँकेतून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी प्रामाणिकपणावर गोष्ट सांगितली. प्रामाणिकपणावर, आणि तीही मी बसवलेली! अर्ध्यातच एका पोरानं विचारलं, "आजोबा, ह्याच्यात पादतंय कोन?"

साहेब इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "हे कुठून शिकली मुलं?"

"खेड्यातली मुलं सर, काय करणार," मी म्हणालो. आईला कौतुक मिळू शकलं असतं, तेही मी असं उकिरड्यावर फेकलं.

प्रत्येक तासानंतर म्हाताऱ्यांनी एका कागदावर आपला चेहरा निवडायचा असे: रडका, हसरा वगैरे. माणसाचं सुख मोजायची ही रीत ज्यानं काढली, त्याला एकदा आमच्या बाजारात आणून उभं करावं. कुणाजवळ चष्मा नसायचा, म्हणून खुणा मीच करायचो. रकाना रिकामा नको, म्हणून साहेब आले त्या दिवशी आईच्या नावापुढंही हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली.

महिन्याभरानं तिच्या नावाचं प्रमाणपत्र आलं. आईला वाचता येत नाही. ती तिसरीतली मुलगी आमच्या घरी आली होती; तिनं अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचलं, "एकाही तासाला गैरहजर न राहता..." आणि ती थांबली.

"आजी, सायब आल्ते तवा तुमी न्हवत्या की."

"तवा तासच न्हवता, बाय."

"हुता की! सर हुते, ब्यांकेचे आजोबा हुते."

आईनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "व्हय व्हय," ती मुलीला म्हणाली, "म्हातारीच्या ध्यानात ऱ्हात न्हाई आता." पोरीसमोर तिनं मला झाकलं. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

मुलगी गेल्यावर मी म्हणालो, "आई, चुकलं माझं. या शनिवारी चल."

"सायब येनार असतील त्या शनवारी येते. मदी न्हाई."

त्यानंतर ती आली नाही. पोरं भिंतीला टेकून बसतात, आजोबा लोक जांभया देतात, मी फोटो पाठवतो. संस्था खूश आहे.

परवाच्या शनिवारी साहेब पुन्हा येणार आहेत. सोमवारीच कळलं. आज गुरुवार. सकाळी भाकरी वाढताना आईनं विचारलं, "आला का सायबाचा काय निरोप?"

"अजून नाही," मी म्हणालो.