दळणाआधी गाणं

माढ्याजवळच्या आमच्या गावातला गिरणीवाला गिरणी बंद असली तरी ओरडूनच बोलतो. ऐकताना समोरच्याच्या ओठांकडे बघतो आणि काहीही सांगा, आधी "जमतंय की" म्हणतो.

शाळेची पोरं गाण्याच्या स्पर्धेसाठी सोलापूरला न्यायची होती. गाडीभाडं जमेना, म्हणून मी त्याच्याकडे देणगी मागायला गेलो.

"जमतंय की. पैसं न्हाईत, पर माणसं हायेत. सांजच्याला पोरं हितं आणा, गुरुजी."

दळणाची रांग लागली तशी त्यानं गिरणीच बंद केली. दारात रिकामं पोतं ठेवून म्हणाला, "आदी गाणं ऐका, पोत्यात वंजळभर ज्वारी टाका, मगच दळण." बायका कुरकुरल्या, पण पोरं गायला लागल्यावर डब्यांना टेकून बसल्या. मी पेटी वाजवत होतो, तो तिच्यावर तळवा टेकवून बसला. असं आठवडाभर चाललं. त्या ज्वारीवरच गाडी ठरली.

शेवटच्या संध्याकाळी तो माझ्या कानाशी आला. "गुरुजी, पोरं सुरात गात्यात का?"

त्याला वाटलं, आपण कुजबुजतोय. सगळी रांग हसली, पोरंही हसली. मी होकारार्थी मान डोलावली.

"मग अजून एक हू द्या," तो म्हणाला. "दळण कुटं पळून जातंय."