एक गोणी नट-बोल्ट

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. नारपोलीच्या बंद लूम शेडमधली ती एक मात्र अजून वेगळी उभी आहे, आणि ती मी मुद्दाम सांगतो, कारण तिच्यात चूक माझी होती. कोणाचं नाव घेणार नाही, गाडीच्या कंपनीचंही नाही. साठेक वर्षांपूर्वीची विलायती गाडी. लांबलचक बॉनेट, आत चामड्याची सीटं, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड. अशा गाड्यांचे मालक स्वतः स्टेअरिंगवर बसत नसत, एवढं सांगितलं की पुरे.

मी तेव्हा भिवंडीतल्या एका ठाण्यात गुन्हे प्रकटीकरण पथकाचा अधिकारी होतो. जून नुकताच लागला होता. सकाळची हजेरी संपता संपता काल्हेरकडचा एक भंगारवाला आला आणि टेबलाशी वाकून हळूच म्हणाला, “साहेब, नारपोली में एक बंद शेड है. अंदर ग्राइंडर से फॉरेन गाडी काट रहे हैं. नंबर की प्लेट भी निकाल दी है.”

आमच्याकडे शेडमधून आवाज येणं ही काही खबर नव्हे. उलट लूमची खटखट थांबली तर लोक बाहेर येऊन बघतात. पण ही शेड दोन वर्षं बंद होती. मालकाने धंदा बसल्यावर लूम विकून टाकले होते. तिथे ग्राइंडर कशाला चालेल?

नवीन पोरांना मी नेहमी सांगायचो, खबर आणणाऱ्याला आधी विचारा, बाबा रे, यात तुझं काय गेलं? त्या दिवशी मीच विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, की ती गाडी काल्हेरच्या एका गोदामात खोक्यांच्या मागे वर्षानुवर्षं पडून होती, ह्या भंगारवाल्याला ती कापायला हवी होती आणि दुसऱ्याच कोणीतरी ती आधी विकत घेतली म्हणून त्याचा जळफळाट चालला होता. पण विलायती गाडी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे टोळीच आली.

स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच घेतले, एक हवालदार आणि दोन शिपाई घेऊन शेड गाठली. दार ढकललं तर मधोमध गाडीचा सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर उभा. दारं काढलेली, इंजिन बाजूला स्टँडवर. भिंतीलगतच्या फळ्यांवर कापडाच्या छोट्या पुड्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला रंगीत दोरा बांधलेला. गाडीपाशी पासष्टी उलटलेला एक माणूस उभा होता, लुंगी आणि ग्रीसने काळा झालेला बनियन. गल्ली त्याला चाचा म्हणायची. घराणं भिवंडीतलंच, जुनं कोकणी मुसलमान. तरुणपणी लूम दुरुस्त करणारा जॉबर म्हणून राबला आणि पुढे स्वतःच्या लूमचा मालक झाला. ही शेड त्याचीच.

“चेसिसची पाटी कुठाय?” मी विचारलं.

“हाय साहेब. गंज खरडायला काढली. यातल्याच एका पुडीत हाय.”

“कुठल्या?”

त्याने हात पुढे केला आणि तो हात थरथरायला लागला. फळीवर इकडून तिकडे फिरला, पण एका पुडीवर काही थांबेना. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. समोरच्याच्या तोंडाकडे बघू नका, हातांकडे बघा, हे मी पंचवीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आलो होतो आणि त्याचा मला अभिमानही होता.

“सगळ्या पुड्या सोडा,” मी शिपायांना सांगितलं.

“साहेब, सोडू नका,” तो म्हणाला. “माझी बायको बाजारात गेलीय. ती येऊ द्या, ती बरोबर काढून देईल.”

मला त्यात वेळकाढूपणा दिसला. शिपायांनी ब्लेडने दोरे कापले आणि पुड्या जमिनीवर रिकाम्या करत सुटले. पाटी सापडली तेव्हा फळीवर जेमतेम पाच-सहा पुड्या उरल्या होत्या. पाटीवरचा नंबर आर.सी. बुकाशी जुळला, बुक त्याच्याच नावावर होतं. पण इंजिनाचा नंबर जुळेना. बुकात डिझेल इंजिन, आणि स्टँडवर होतं पेट्रोलचं. तो म्हणाला, हेच गाडीचं मूळ इंजिन. पेट्रोल परवडेना म्हणून एके काळी लोक असल्या गाड्यांचं इंजिन उतरवून ट्रकचं डिझेल इंजिन टाकत, हे मलाही ठाऊक होतं. मग हे मूळ इंजिन इतक्या वर्षांनी आलं कुठून? ते सांगायला तो तयार नव्हता.

पंचनामा मीच सांगितला आणि हवालदाराने लिहिला. त्यातली एक ओळ मला आज तोंडपाठ आहे. “जुने वापरते लोखंडी नट-बोल्ट व किरकोळ सुटे भाग, एक गोणी, वजन अंदाजे तीस किलो.” जमिनीवरचं सगळं फावड्याने गोणीत भरलं, तोंड शिवलं, लाखेचं सील मारलं. क्रेनने गाडी ठाण्याच्या मागच्या आवारात आणून ठेवली. गुन्हा दाखल झाला, कागद अगदी चोख झाले.

पुढचे चार दिवस चाचाला नोटीस देऊन सकाळी दहाला बोलवायचो आणि संध्याकाळी सोडायचो. मारहाण करणाऱ्यांतला मी नव्हतो. पण ठाण्यातल्या बाकड्यावर दिवसभर बसवून ठेवणं म्हणजे काय, ते बसलेल्यालाच माहीत. कोणी पाणी विचारत नाही, येणारा जाणारा बघत जातो. गल्लीतली दोन माणसं पासपोर्टच्या कामाला आली, त्यांनी त्याला ओळखलं आणि मान फिरवली. त्याने खाली बघितलं. मी रोज तेच विचारायचो आणि तो रोज तेच सांगायचा.

“इंजिन चोरीचं न्हाय साहेब. कुठनं आणलं ते नका विचारू. मला ठेवायचं तर ठेवा.”

तिसऱ्या दिवशी पाऊस बदाबदा कोसळत होता. दुपारी त्याची बायको रिक्षातून ताडपत्रीची मोठी गुंडाळी घेऊन आली आणि म्हणाली, “साहेब, गाडीला दारं न्हाईत. आत पाणी जातंय. एवढं वर टाकू द्या.”

मुद्देमालाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. मुद्देमाल कारकून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, “अर्ज द्या, बघू.” ती ताडपत्री तशीच घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी शेडची मोजमापं राहिली होती म्हणून मी एकटाच तिकडे गेलो. बाई जमिनीवर बसून आम्ही कापलेले दोरे वेचत होती. लाल एका बाजूला, हिरवे दुसऱ्या बाजूला.

“हे काय करताय, भाभी?”

तिने वर बघितलं नाही. “लाल म्हंजे डावी बाजू. हिरवा म्हंजे उजवी. पांढरा इंजिनाचा. जे आधी काढलं त्याला एक गाठ, मग दोन, मग तीन. ते काढायचे, सांगायचे, मी बांधायची. चौदा महिने बांधत होते, साहेब.”

“लिहून का नाही ठेवलं?”

“लिहिणार कोण? त्यांचे हात बघितले न्हाय तुम्ही? कंपवात हाय. डॉक्टर बोलले, वाढत जाणार. हात चालतात तवर गाडी उभी करायची, एवढंच होतं त्यांचं. लूम विकले तेव्हा तीन महिने घरात कुणाशी बोलले न्हाईत. ही गाडी आली आणि माणूस बोलायला लागला.”

मी तिथल्याच एका ठोकळ्यावर बसलो. विकायला गाडी खोलणारा घाईत असतो. तो बोल्ट फेकतो, पाइप कापतो, वायरी तोडून मोकळा होतो. ज्याला पुन्हा जोडायचं असतं तोच एकेका बोल्टाला गाठ मारतो. चोरीच्या एवढ्या गाड्या पाहिलेल्या माणसाला हे शेडमध्ये पाऊल टाकल्याबरोबर दिसायला हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ओळीने मांडून ठेवलं होतं, आणि मी ते ब्लेडने कापायला लावलं. लाज वाटली मला. आजही वाटते.

ठाण्यात परतल्यावर आधी ताडपत्री मागवून गाडीवर टाकली. दारांशिवाय ती चार दिवस भिजत होती, डॅशबोर्डाचं लाकूड तोवर फुगून वर आलं होतं. मग चाचाला बाकड्यावरून उठवून खोलीत खुर्चीवर बसवलं, चहा मागवला.

“तुम्ही चोर नाही, हे मला कळलंय,” मी म्हटलं. “पण इंजिनाचा माग लागल्याशिवाय मला केस बंद करता येत नाही. कोणाला वाचवताय?”

त्याने कप खाली ठेवला. “तुम्ही वर्दीत जाणार काय तिकडं?”

“नाही. साध्या कपड्यात, एकटा.”

मग त्याने सांगितलं. गाडीच्या पहिल्या मालकाचा वज्रेश्वरीच्या पुढे एक बंगला होता. इंजिन बदललं तेव्हा मूळचं इंजिन त्याने तिथे राखणीला असलेल्या आदिवासी कुटुंबाकडे ठेवायला दिलं होतं. चाचाने मालकाच्या मुलाचा पत्ता काढला, त्याच्याकडून इंजिन देण्याचं पत्र घेतलं आणि इंजिन आणलं. पत्र घरात होतं, पण त्यात राखणदार बाईचं नाव आणि पाड्याचा पत्ता होता. फार वर्षांपूर्वी त्या बंगल्यात चोरी झाली तेव्हा तिच्या नवऱ्याला पोलिसांनी उचलून नेलं होतं. माल भलतीकडेच सापडला. नवरा घरी आला तो लंगडत, आणि मरेपर्यंत तसाच चालला.

“मी शहरातला माणूस, साहेब. मला बाकड्यावर बसवलं तर बसेन,” चाचा म्हणाला. “पण तिच्या दारात पुन्हा पोलीस नको.”

हा माणूस चार दिवस चोर म्हणवून घेत बसला होता, ते एका म्हातारीला घाबरवायचं नाही म्हणून.

मी एसटीने गेलो. म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती. इंजिनाचं विचारलं तर तिने झोपडीचा कोपरा दाखवला.

“व्हतं हितं. मालक बोलला, ठेव. ठेवला. त्याव कोंबड्या बसायच्या. कोन मागाया आला न्हाय. मंग यो चाचा आला, मालकाचे पोराचा कागद व्हता, त दिला.” मग माझे बूट बघून तिने विचारलं, “तू पोलीस हाय?”

“होय, मावशी.”

“माजे पोराला नेशील?”

“नाही. फक्त विचारायला आलो होतो.”

तिचा विश्वास बसला नाही, पण पाण्याचा तांब्या आणून दिला. मुलाला तिने मी जाईपर्यंत बाहेर येऊ दिलं नाही.

मालकाच्या मुलाचा जबाब घेतला, पत्राची खात्री केली, गैरसमजुतीने गुन्हा दाखल झाला म्हणून ‘क’ समरी, म्हणजे केस बंद करायचा अहवाल, कोर्टात पाठवली. त्यानंतर सगळं वरातीमागून घोडं. कोर्टाच्या तारखा, आरटीओचा अहवाल, ठाण्याच्या मोठ्या साहेबांची बदली. मुद्देमाल परत द्यायचा आदेश हातात पडला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

गाडी पोचवायला मी स्वतः गेलो. गोणीचं सील शेडमध्ये माझ्या हाताने तोडलं. चाचा खुर्चीत बसला होता. पाच महिन्यांत त्याच्या हातांना कपही धरता येईना झाला होता. बायको गोणीतून एकेक बोल्ट काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरायची.

“डाव्या दाराचा. वरचा,” तो पहिल्याला म्हणाला. तिने लाल दोरा बांधला. पुढच्या बोल्टाकडे तो फार वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “ठेव.” त्याच्या पुढच्यालाही “ठेव.” संध्याकाळपर्यंत ओळखलेल्यांची लहानशी ओळ झाली, आणि ‘ठेव’ म्हटलेल्यांचा ढीग.

मी निघताना तो म्हणाला, “तुम्ही ड्युटी केली, साहेब. मनाला लावून घेऊ नका.”

नंतर काही रविवार मी जात राहिलो. तो सांगायचा आणि पाना मी फिरवायचो. दोन दारं बसली. डावं नीट लागायचं, उजवं खालून घासायचं. इंजिन जागेवर गेलंच नाही. वर्षभराने त्याचं बोलणंही अडखळायला लागलं, आणि माझ्या निवृत्तीच्या सुमाराला तो गेला.

त्या केसनंतर झडतीला गेलो की मी पथकाला बजावायचो, बांधलेलं काही सोडायचं असेल तर ज्याने बांधलंय त्याला आधी विचारा. थरथरणाऱ्या हातांवरून निष्कर्ष काढणंही सोडलं. पण खरं सांगायचं तर, मी त्या दिवशी नियमाबाहेर काहीच केलं नव्हतं. खबर, नोंद, पंच, सील, सगळं रीतसर होतं. रीतसर वागूनही माणसाचं उरलेलं आयुष्य गोणीत भरता येतं, आणि ते परत द्यायचा आदेश कुठलंच कोर्ट देऊ शकत नाही. वरिष्ठांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. माझ्या सेवापुस्तकात त्या केसची काळी रेघ नाही.

चाचा गेल्याचं कळल्यावर मी भेटायला गेलो. बाईने खुर्ची दिली, चहा आणला, समोर बसली.

“ते शेवटपर्यंत बोलायचे, साहेबांचा दोष न्हाय,” ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “त्यांनी तुम्हाला माफ केलं. मी न्हाय केलं. चाय घ्या.”

मी चहा घेतला. तिचं बरोबर आहे, असं तिला सांगितलं. तिने मान हलवली, कप उचलला आणि आत गेली.